रिसेप्शनला फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवला, आता ठेवायचा कुठे?

विचारलंय ते थोडक्यात असं: "दादा, दोन वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. रिसेप्शनला कॅमेऱ्यावरच्या फ्लॅशने चेहरे पांढरेफटक येतात आणि मागचं डेकोरेशन सगळं काळं. आता दोन फ्लॅश आणि एक ट्रिगर (कॅमेऱ्यावरून लांबचे फ्लॅश उडवणारा) घेतलाय. पुढच्या महिन्यात बायपासजवळ एका गार्डनमध्ये रिसेप्शन आहे, उघडं लॉन, हाताखाली एकच मुलगा. लाईट कुठे लावू आणि सेटिंग काय ठेवू?"

सेटिंग सांगतो पण नंतर, कारण नव्या मुलांचं नव्वद टक्के लक्ष सेटिंगवर असतं आणि चूक जागेत असते. मी इंदूरात बावीस वर्षं हेच काम करतोय, रामबाग-लोकमान्य नगरच्या घरगुती कार्यांपासून ते बायपासच्या मोठ्या गार्डनपर्यंत, आणि एकच गोष्ट मनापासून सांगेन की रिसेप्शनला लाईट एका जागी नीट बसवायचा आणि मग रात्रभर आपण हलायचं, लाईट नाही. एकदा हे जमलं की दोन फ्लॅश खूप झाले, तिसऱ्याची गरजसुद्धा पडत नाही.

तुझे फोटो सपाट का येतात ते आधी समजून घे. प्रकाश अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाई उरतो, दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). तू नवरा-नवरीपासून २ मीटरवर उभा आहेस, फ्लॅश तुझ्या डोक्यावर, आणि त्यांच्यामागे आणखी २ मीटरवर मामा-मामी उभे आहेत तर मामा-मामींना नवरीच्या चौथाई प्रकाश मिळतोय, आणि मागची फुलांची भिंत ६ मीटरवर असेल तर तिला नववा हिस्सा. म्हणून मागे काळं. आता तोच फ्लॅश स्टँडवर ६ मीटर लांब नेऊन ठेव, नवरी ६ वर, मामा-मामी ८ वर, फरक एक स्टॉपपेक्षाही कमी. फ्लॅश तोच, पॉवर मात्र नऊपट म्हणजे तीन स्टॉपांहून थोडी जास्त लागते, पण सगळी रांग एकसारखी उजळते. कॅमेऱ्यावरून फ्लॅश उतरवायचा तो साइडने सावली पडून सुंदर दिसतं म्हणून, हे बरोबर आहे, पण रिसेप्शनमध्ये त्याहून मोठा फायदा हा अंतराचा आहे आणि तो कोणी सांगत नाही.

हॉल असता तर पांढऱ्या छताला फ्लॅश मारून काम झालं असतं, मीही मारतो. पण आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी निम्मी रिसेप्शनं उघड्या लॉनवर, वर नुसतं आकाश, तिकडे गेलेला प्रकाश परत येत नाही. काही गार्डनवाले वर रंगीत कापडाची छत लावतात, लाल-मरून कापडावर बाऊन्स केलास तर सगळी वरात लाल होऊन येते, ते करू नकोस.

आता स्टेज. आपल्याकडे नवरी नवऱ्याच्या डाव्या हाताला उभी असते, म्हणजे समोरून बघताना ती तुझ्या उजवीकडे. आणि नथ डाव्या नाकपुडीत, म्हणजे तीही तुझ्या उजव्या बाजूला. म्हणून मुख्य लाईट मी कायम स्टेजसमोर उजव्या बाजूला लावतो. नथेचे मोती त्या बाजूने आलेल्या प्रकाशात चमकतात, डावीकडून दिला की नाकाच्या सावलीत नथ हरवते. दुसरं कारण त्याहून महत्त्वाचं, नवरा उंच, वर फेटा, लाईट त्याच्या बाजूने आला तर त्याची अख्खी सावली नवरीच्या चेहऱ्यावर, नवरीच्या बाजूने आला तर तिची सावली जास्तीत जास्त त्याच्या खांद्यावर. पैठणीच्या जरीलाही तिरका प्रकाश मानवतो, समोरून थेट मारलास की जर पांढरी होऊन तिची वीण दिसत नाही, आणि त्या साडीसाठी घरच्यांनी येवल्यापर्यंत जाऊन केलेली खरेदी असते, ती फोटोत दिसलीच पाहिजे.

किती उजवीकडे? स्टेजच्या मधोमध उभं राहून समोर बघ, कॅमेऱ्याच्या रेषेपासून साधारण ३० अंश (स्टेजवरून बघताना ती बाजू तुझ्या डावीकडे येते). पुस्तकातलं ४५ इथे चालत नाही, कारण जोडप्याचा फोटो पाच मिनिटांचा आणि पाहुण्यांसोबतचे तीन तासांचे, आणि दहा जण ओळीत उभे राहिले की ४५ ला कडेच्या काकांची सावली शेजारच्या काकूंवर पडतेच पडते. मोठा परिवार स्टेजवर आला की मी मुलाला हात करतो आणि तो स्टँड आणखी दोन पावलं माझ्याकडे सरकवतो, एवढीच हालचाल, लगेच जागेवर. जमिनीवर मी आधीच टेपने दोन खुणा केलेल्या असतात.

उंचीकडे फार लक्ष दे, सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात. स्टेज तीन फूट, त्यावर साडेपाच फुटांचा माणूस, म्हणजे चेहरा जमिनीपासून आठ-साडेआठ फुटांवर. तुझा साधा स्टँड सात फुटांचा, पूर्ण वर काढलास तरी प्रकाश हनुवटीखालून जातो, नाकाची सावली वर चढते आणि नवरीसारखी नवरी भुतासारखी दिसते. तुला ११ फुटांच्या आसपास फ्लॅश हवा. एक तर मोठा स्टँड घे, तीन मीटरच्या वरचा, नाहीतर गार्डनच्या ट्रसला किंवा खांबाला क्लॅम्पने फ्लॅश लाव (डेकोरेशनवाल्याला विचारून, न विचारता नाही), नाहीतर रंगारी वापरतात ती लांबणारी काठी घे, टोकाला फ्लॅशचा ब्रॅकेट, आणि मुलाच्या हातात दे. काठीवाला प्रकार मला मनापासून आवडतो कारण गर्दीत स्टँडला जागाच नसते. पण ११ फूट उंच केलास तरी अंतर ६ मीटर राहू दे. उंच आणि जवळ असं दोन्ही झालं की फेट्याच्या पुढच्या कडेची सावली थेट डोळ्यांवर. लांब आहे तोपर्यंत उंचीचा त्रास होत नाही. चष्मेवाले आजोबा आले आणि काचेत फ्लॅश दिसायला लागला तर त्यांना हनुवटी किंचित खाली घ्यायला सांग, बहुतेक वेळा तेवढ्याने जातो.

दुसरा फ्लॅश मागून. इथे सगळे फसतात, मागे फुलांची किंवा फ्लेक्सची भिंत असते, तिच्यामागे फ्लॅश ठेवून काय उपयोग. स्टेजच्या डाव्या कडेला, सोफ्याच्या रेषेच्या मागे, सजावटीच्या खांबाआड छोटा स्टँड ठेव आणि तोंड जोडप्याच्या खांद्यांकडे. मुख्य लाईट उजवीकडून समोर, हा डावीकडून मागे, म्हणजे कर्णावर समोरासमोर. याने नवऱ्याचा काळा कोट मागच्या अंधारातून सुटून येतो आणि नवरीच्या केसातला गजरा दिसतो. मुख्यपेक्षा याची पॉवर एक स्टॉप कमी पुरे. फ्रेममध्ये फ्लॅश दिसत असेल तर तू अर्धा पाऊल सरक, त्याला हलवू नकोस.

आणि कर्णाचा खरा फायदा स्टेज सोडल्यावर कळतो. डान्स फ्लोअरच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत हेच दोन फ्लॅश ठेव आणि तू गोल फिर. एका जागेवरून एक समोरचा लाईट आणि एक मागचा, चार पावलं फिरलास की दोन्ही बाजूंनी कडा उजळणारा, आणखी फिरलास की थेट पाठीमागून, नुसती आकृती आणि धुरात पसरलेला प्रकाश. फॉग मशीन चालू असेल तेव्हा मागचा एकच फ्लॅश चालू ठेव, पुढचा ट्रिगरवरून बंद कर, कारण समोरून धुरावर फ्लॅश मारला की पांढरी चादर आल्यासारखं होतं आणि मागून मारला की तोच धूर चमकतो.

आता सेटिंग. मी गाईड नंबरचा (फ्लॅशची ताकद, म्हणजे एफ नंबर गुणिले मीटरमधलं अंतर) हिशेब अजून डोक्यात करतो, तूही शीक, अवघड नाही. समजा तुझ्या फ्लॅशचा गाईड नंबर ५० एमएमच्या झूमला ४० आहे, आयएसओ (कॅमेरा प्रकाशाला किती संवेदनशील ते) १०० ला, फुल पॉवरवर. एफ ४ (लेन्स किती उघडी ते) हवा आणि अंतर ६ मीटर, ४ गुणिले ६ म्हणजे २४ लागणार. आयएसओ १६०० केलास की चार स्टॉप वर, गाईड नंबर चौपट, १६०. पॉवर दरवेळी निम्मी केली की तो १.४ ने भागायचा, पाच वेळा निम्मी केली म्हणजे १/३२, तर उरतो २८. तुला हवे होते २४. म्हणजे उघडा फ्लॅश १/३२ वरच पुरून थोडा उरतो! हा हिशेब पहिल्यांदा केला तेव्हा मी कितीतरी वर्षं उगीच १/२ आणि १/४ वर फ्लॅश जाळत होतो हे लक्षात आलं. १/३२ वर फ्लॅश लगेच भरतो, तापत नाही, सेल रात्रभर टिकतात, आणि फुल पॉवर सतत मारल्यावर फ्लॅश गरम होऊन स्वतःच थांबतो तसं ऐन रांगेत होत नाही.

तर सुरुवात अशी कर, मॅन्युअल मोड, आयएसओ १६००, एफ ४, शटर १/१००. फ्लॅश बंद ठेवून रिकाम्या स्टेजचा फोटो काढ, डेकोरेशन डोळ्याला दिसतं त्याहून दीड-दोन स्टॉप अंधारलेलं दिसलं पाहिजे, काळं नाही. जास्त उजेड असेल तर आयएसओ खाली, कमी असेल तर शटर १/५० पर्यंत चालेल कारण माणसं उभी आहेत आणि त्यांना फ्लॅश गोठवतोय. मागचा उजेड शटरने ठरतो, चेहऱ्याचा फ्लॅशच्या पॉवरने, एफ आणि आयएसओ दोन्हीवर काम करतात. १/१०० मुद्दाम सांगतोय, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फोटोत दिव्याचा उजेड सारखा येतो. एलईडी वॉलवर पट्टे दिसले तर शटर आणखी थोडं हळू करून बघ. सिंक स्पीडच्या (साध्या फ्लॅशसोबत चालणारं सगळ्यात वेगवान शटर), म्हणजे बहुतेक कॅमेऱ्यांत १/२०० किंवा १/२५० च्या वर रात्री जायचंच नाही, हाय स्पीड सिंक पॉवर खातो आणि रात्री त्याचं काहीच काम नाही.

स्टेजवर टीटीएल (फ्लॅशची पॉवर कॅमेरा स्वतः ठरवतो तो मोड) वापरू नकोस. अंतर ठरलेलं, लाईट ठरलेला, मग मॅन्युअल. टीटीएलवर पांढरी शेरवानी आली की फोटो काळपट आणि काळा सूट आला की चेहरा उडालेला, आणि नंतर चारशे फोटो एकेक करून सारखे करत बसायचे.

रंगाचं बोलतो, कारण यावर लोक रडतात. स्टेजवर पिवळे वॉर्म दिवे असतात, साधारण ३००० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका पिवळा), आणि फ्लॅश ५५०० च्या आसपास. तसंच काढलं तर चेहरा ठीक, मागचं नारिंगी. फ्लॅशवर अर्धा सीटीओ जेल (नारिंगी पारदर्शक फिल्टर) लाव, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स ३८००-४००० ठेव, चेहरा बरोबर येतो आणि मागचा पिवळेपणा सणासारखा वाटतो, आजारी नाही. जेल खरा लाईटिंगचाच घे, मिठाईच्या डब्याची पन्नी लावणारे मी पाहिलेत, ती तापून फ्लॅशच्या काचेला चिकटते. पण जांभळे-गुलाबी एलईडी पार लाईट (स्टेजवर मारायचे रंगीत दिवे) चेहऱ्यावर पडत असतील तर त्याला कोणताही व्हाइट बॅलन्स वाचवत नाही, त्या दिव्यात बाकीचे रंगच नसतात, मग आणणार कुठून. त्याला एकच उपाय, पाहुणे यायच्या आधी लाइटवाल्याकडे जायचं, चहा पाजायचा आणि गोडीत सांगायचं, "भिया, सामने वाले पार वॉर्म कर दो, पीछे वाले जैसे चाहो रखो." ऐकतात, माणसं चांगली असतात, फक्त कोणी विचारत नाही. शार्पी (बारीक झोताचे फिरते दिवे) फिरत्या ठेवायच्या असतील तर त्यांचा रोख डोक्यांच्या वर ठेवायला सांग. आणि लेझर लावलं असेल तर कॅमेरा त्याच्या थेट रेषेत आणू नकोस, सेन्सरवर कायमचे डाग किंवा रेघा पडतात.

छत्री आणि सॉफ्टबॉक्सबद्दल. हॉलमध्ये जरूर, उघड्या लॉनवर नाही. आठ-नऊ वर्षांपूर्वी फेब्रुवारीत खंडवा रोडच्या एका लॉनवर मी पांढरी छत्री लावली होती, साडेनऊला वाऱ्याची झुळूक आली, मोठीसुद्धा नव्हती, आणि स्टँड पहिल्या रांगेत बसलेल्या एका आजींच्या खुर्चीशेजारी पडला. त्यांना लागलं नाही. पण हातभर अंतर होतं आणि ती रात्र मी विसरलेलो नाही. तेव्हापासून लॉनवर उघडा फ्लॅश, जास्तीत जास्त छोटा गोल डोम, आणि प्रत्येक स्टँडच्या पायाशी वाळूची पिशवी, नसेल तर पाच लिटरचा पाण्याचा कॅन दोरीने मधल्या दांड्याला बांधायचा. स्टँडचा एक पाय लाईटच्या दिशेने, म्हणजे वजन जिकडे झुकतं तिकडे आधार. पायांना पांढरी टेप गुंडाळ, मुलं पळत असतात, लॉनवर रात्री काळा स्टँड दिसत नाही. ६ मीटरवरून उघडा फ्लॅश काय आणि छत्री काय, प्रकाशाच्या मऊपणात फार फरक पडत नाही, कारण तेवढ्या लांबून छत्रीही लहानच दिसते, उलट दीड-दोन स्टॉप प्रकाश गिळते.

ट्रिगरची एक गोष्ट नक्की लक्षात ठेव. मोठ्या गार्डनमध्ये दोन-दोन लॉन शेजारी असतात आणि दोन्हीकडे रिसेप्शन. आजकाल निम्म्या लोकांकडे गोडॉक्स कंपनीचाच ट्रिगर असतो आणि सगळे चॅनल १ वर. एकदा शेजारचा फोटोग्राफर तिकडे बटण दाबायचा आणि माझे फ्लॅश इकडे उडायचे, पाऊण तास मी ट्रिगर बिघडला समजून सेल बदलत होतो. घरूनच चॅनल बदलून ने आणि आयडीसुद्धा दे, फ्लॅश आणि ट्रिगर दोन्हीवर तोच. मुख्य फ्लॅश ग्रुप ए, मागचा बी, कायम हेच, म्हणजे अंधारातही बोट बरोबर जातं. सेल एनलूपसारखे रिचार्जेबल, चारचा संच एकत्रच चार्ज कर आणि एकत्रच वापर, जुना-नवा मिसळू नकोस.

व्हिडिओवाल्यांशी आधी बोल. त्यांच्या कॅमेऱ्यात आपल्या फ्लॅशने अर्ध्या फ्रेमवर पांढरा पट्टा येतो, त्यांचंही काम आहे. केक, अंगठी, एंट्री असे क्षण त्यांनी लांबून सलग घ्यायचे ठरले तर मी तिथे फ्लॅश कमी मारतो, तीन-चारच. त्यांचा एलईडी पॅनल स्टेजसमोर चालूच असेल तर तोच तुझा समोरचा लाईट समज आणि तुझा फ्लॅश आणखी साइडला ने, दोघांचं भागतं. एंट्रीला कोल्ड पायरो उडतात तेव्हा शटर १/६० कर आणि समोरचा फ्लॅश १/६४ वर आण, ठिणग्यांचा उजेड त्यांचा त्यांना राहू दे.

जेवणाच्या टेबलांकडे फ्लॅश घेऊन जाऊ नकोस. घास तोंडात असताना कोणाच्या डोळ्यात फ्लॅश मारणं मला बरोबर वाटत नाही, तिथे आयएसओ ३२०० ला आहे तो उजेड पुरतो, गप्पा मारणारी माणसं तशीच छान दिसतात.

पत्रिकेत साडेसात लिहिलेलं असतं आणि आपल्या इंदूरात गर्दी नऊला होते, त्यामुळे तू सहाला पोच. मुलाला स्टेजवर नवरीच्या जागी उभा कर, डेकोरेशनवाल्या पोराला नवऱ्याच्या जागी, डोक्याला रुमाल गुंडाळून फेट्याइतकी उंची कर, आणि दहा फोटो काढ. सावली कुठे पडते, खांद्यावर कडा येते का, मागचं काळं होतंय का, एवढं तिथेच कळतं. मग लाईटला हात लावायचा नाही.

आणि साडेअकराला रांग संपली, लिफाफे आत गेले, दोन्हीकडचे आई-वडील पहिल्यांदा निवांत बसले की तेव्हाचा फोटो चुकवू नकोस. स्टेजवर नाही, खाली, सोफे गोल ओढून. मुलाला काठी घेऊन उजवीकडे उभा कर, ४ मीटरवर, आता सगळे बसलेले आहेत तर सात फूट उंची पुरते, पॉवर १/६४. मागचा फ्लॅश बंद. गेल्या वर्षी एका घरी अल्बम द्यायला गेलो होतो, राजेंद्र नगरला, तर स्टेजवरचे तीनशे फोटो बाजूला ठेवून काकूंनी हाच एक मोठा करून मागितला.

झालं की मला फोटो पाठव, जेपेग चालतील. सोबत स्टेजपासून मागे उभं राहून मोबाईलवर एक फोटो काढून ठेव ज्यात दोन्ही स्टँड दिसतील, त्याशिवाय मला काय सुधारायचं ते सांगता येणार नाही.